एकेचाळीस बाह्या

मास्तरांना आयुष्यात कधी टाळी मिळाली नाही. मला पुष्कळ मिळाल्या. त्यातल्या निम्म्या तरी मी केव्हाच त्यांच्या नावावर करून टाकल्या आहेत.

मास्तर म्हणजे आमच्या पलटणीचे शिंपी. पाच वर्षं युद्धावर होते, पण बंदूक हातात घेतली ती तिचा पट्टा शिवण्यापुरती. युद्ध संपलं आणि चौदाशे सैनिकांना घेऊन आमची बोट घराकडे निघाली. मी नाटकमंडळीतला. छावण्याछावण्यांतून खेळ करायला सरकारनं आम्हाला नेलं होतं. राजाच्या भूमिका करायचो म्हणून सगळे मला 'राजे' म्हणत, आणि राजेसाहेब झोपत बटाट्याच्या पोत्यांना टेकून!

मास्तरांचं मशीन खालच्या मजल्यावर, इंजिनाच्या भिंतीशी, टेबलाला दोरखंडानं जखडलेलं. बोट कलली की ते चाक धरून थांबत, सरळ झाली की चार टाके मारत, पुन्हा थांबत.

"समुद्राला विचारून शिवतोय, राजे," ते म्हणत. "घरीसुद्धा हिला विचारल्याशिवाय काही करत नव्हतो. सवय मोडली नाही."

ही म्हणजे त्यांची बायको. पाच वर्षांत भेट नव्हती. ती धक्क्यावर येणार होती.

पुढं जे घडलं त्याला कारण मी. सैनिकांना उतरवण्याचं काम ज्यांच्याकडे होतं त्या साहेबांनी मला बोलावलं. धक्क्यावर मंत्री येणार, बँड वाजणार, फोटो निघणार. आणि बोटीवर एकेचाळीस जणांचा एकेक हात गेलेला. साहेबांना ते फोटोत नको होतं.

"तुमच्या नाटकातल्या प्रधानाचं ते पोट कशाचं असतं हो?" त्यांनी विचारलं.

"कापसाचं!" मी म्हणालो. कुणी विचारलं की मला राहवत नाही. लगेच पेटीतून कापूस काढला, एका रिकाम्या बाहीत ठासला, टोकाला पांढरा हातमोजा भरून टाचला आणि ऐटीत म्हणालो, "पहिल्या रांगेतल्यालाही कळायचं नाही, साहेब!"

त्याच दुपारी हुकूम सुटला. एकेचाळीस बाह्या भरायच्या.

पहिली बाही पलटणीचा ट्रक चालवणाऱ्या ड्रायव्हरची. त्याचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. मास्तरांनी मुकाट्यानं भरून दिली. ड्रायव्हर ती घालून चारचौघांत विडी ओढत उभा राहिला, ऐट दाखवत. विडीची ठिणगी हातमोज्यावर पडली. कापूस धुमसायला लागला.

"अरे, तुझा हात जळतोय!" कुणीतरी ओरडलं.

"कुठला?" ड्रायव्हर म्हणाला.

सगळे खो खो हसले. ड्रायव्हरही हसला. मग त्यानं खाली पाहिलं, आणि त्याचं हसू जिथल्या तिथे राहिलं. बाकीच्यांचंही.

मास्तरांनी बादलीतलं पाणी त्या मोज्यावर ओतलं. कात्री घेतली. बाही उसवली, कापूस बाहेर काढला. मग गळ्यातली टेप ड्रायव्हरच्या खांद्याला लावली आणि उरलेल्या हाताचं माप घेतलं.

"नऊ इंच," ते म्हणाले. "नऊ इंचांचीच बाही शिवतो. टोकाला दुहेरी शिवण. चालेल?"

ड्रायव्हरनं टेपवरचा आकडा स्वतः वाचून पाहिला. मग म्हणाला, "दुहेरी नको, मास्तर. तिहेरी मारा. मला जन्मभर वापरायचीय."

संध्याकाळपर्यंत मशीनपाशी रांग लागली. कुणाची चार इंच, कुणाची चौदा. एकाचा तर नुसता खांदा. तिथे मास्तरांनी इतकी गोल, इतकी सफाईदार शिवण घातली की नवरदेवाच्या कोटानं झक मारावी. दोन दिवसांत एकेचाळीसच्या एकेचाळीस झाल्या.

तपासणीच्या वेळी साहेब लालबुंद.

"हुकूम काय होता?"

"बाह्या भरायच्या, साहेब."

"मग?"

"मी कपडा माणसाच्या मापानं शिवतो. दुसरं मला शिकवलंच नाही कुणी."

"माफी लिहून द्या. नाहीतर सुटकेचा कागद मिळणार नाही."

हे साधं बोलणं नव्हतं. त्या कागदाशिवाय शिडीवरून पाय खाली ठेवता येत नसे. मी पुढं होऊन म्हणालो, "साहेब, अक्कल माझी होती, शिक्षा मला द्या." साहेब म्हणाले, "तुम्ही नट. तुम्हाला कोण विचारतो?"

बोट धक्क्याला लागली. एकेचाळीस जण आखूड बाह्यांनी, ताठ मानेनं उतरले. बँड मध्येच अडखळला, पण त्यांची पावलं अडखळली नाहीत. ड्रायव्हरनं तर फोटोवाल्यापुढे मुद्दाम डावा खांदा केला.

मास्तर वरच, कठड्याशी. खाली गर्दीत त्यांची बायको.

"अहो, उतरा की!"

"साहेब सोडत नाहीत! माफी माग म्हणतात!"

"कशाची?"

"बाह्या हाताएवढ्या केल्या, त्याची!"

तिनं वळून उतरलेल्या माणसांकडे पाहिलं. एकेकाकडे, सावकाश. मग पदर खोचला आणि अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माफी मागून आलात तर दार उघडणार नाही!"

"पाच वर्षं उघडं ठेवलंस ना?"

"आता नवी कडी बसवलीय!"

तीन दिवस हे चाललं. ती सकाळी यायची, दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसायची आणि घरातल्या बातम्या ओरडून सांगायची: कोण आजारी, कुणाचं लग्न ठरलं, कुठल्या भिंतीला ओल आली. मास्तर वरून ओरडून सल्ले द्यायचे. मीही तिच्या शेजारी जाऊन बसायचो. माझ्याच बढाईपायी हे झालेलं. घरी माझा पाय कुठला ठरायला?

चौथ्या दिवशी बोटीला पुढची पलटण आणायला परत निघायचं होतं. बोटीचे कप्तान साहेबांना म्हणाले, "मी सैनिक आणायला चाललोय. तुमचा शिंपी फिरवायला नाही. उतरवा त्याला."

साहेबांनी दात-ओठ खात कागदावर सही ठोकली आणि खाली शेरा मारला. मास्तर शिडी उतरून आले. पाच वर्षांनी बायकोसमोर उभे राहिले आणि आधी काय केलं, तर कागद उघडला.

"वाचा की. मला कुठं येतंय?" ती म्हणाली.

"'हुकूम मोडला. पश्चात्ताप नाही.'"

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "अक्षर फार बारीक काढलंय मेल्यानं," ती म्हणाली. "चला."