दहापैकी तीन

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. पौर्णिमेला पंचशील म्हणताना ‘खोटं बोलणार नाही’ या शीलाशी माझा आवाज खाली जातो — कुणाच्या लक्षात येत नाही.

आखातातल्या रिफा शहरात एका क्लिनिकमध्ये मी नर्स आहे. आलेल्या पेशंटला विचारायचं, दुखणं दहापैकी किती? सांगेल तो आकडा लिहायचा. सात किंवा वर असेल तर ताबडतोब आत, नाहीतर बाकावर. पण आफ्रिकन कामगार आला की आम्ही आकडा कमी करून लिहायचो. डॉक्टरांनीच शिकवलेलं — “इन लोगों की चमडी मोटी होती है.” कुठल्या पुस्तकात वाचलं होतं त्यांनी हे? आणि मी — मी कधी विचारलं?

ग्रेस युगांडाची, मॉलमध्ये सिक्युरिटी गार्ड. मांड्या घट्ट धरून आली. रडत नव्हती.

“टेन, सिस्टर. आय हॅव सिकल सेल.”

सिकल सेल! ते काय असतं हे मला सांगायला हवं होतं? माझी धाकटी बहीण माधुरी रक्ताच्या त्याच आजाराची पेशंट. भंडाऱ्याच्या दवाखान्यात ती तळमळत होती आणि डॉक्टर आईला म्हणाला होता, तुमच्या लोकांना नाटकं फार. ‘तुमचे लोक’ म्हणजे कोण, ते आम्हा तिघींना बरोबर कळलं होतं. त्या रागावरच मी नर्स झाले.

आणि ग्रेसच्या कागदावर मी तीन लिहिलं. का? रडत नाही म्हणजे एवढं नसेल, असं वाटलं — छे, हेही खोटं. काहीच वाटलं नाही. हाताला सवय होती.

साडेतीन तासांनी ती बाकावरून कोसळली. मोठ्या हॉस्पिटलात नेलं, वाचली. पण तिच्या कंपनीने अनफिट ठरवून व्हिसा रद्द केला. तिने क्लिनिककडे तक्रार केली, तेव्हा माझाच कागद तिच्यापुढे ठेवला. क्लिनिकच्या मॅनेजरने मला विचारलं, हिने किती सांगितलं होतं?

“तीन,” मी म्हणाले. तिच्यासमोर. ती माझ्याकडे बघत राहिली. आठवड्यात तिला परत पाठवलं.

डॉक्टरचा राग येतो, त्या मॅनेजरचा येतो. पण पेन कुणाच्या हातात होतं? जीभ कुणाची होती? भंडाऱ्याचा तो डॉक्टर निदान तोंडावर बोलला. मी तेवढंही केलं नाही.

काल माधुरीचा फोन आला. दुखतंय म्हणाली. मी विचारलं, किती गं?

दहा, म्हणाली.

मी लगेच विश्वास ठेवला.