किती बोटं?

समोरच्याच्या नाकापुढे हात धरायचा, दोन-तीन बोटं उघडायची आणि विचारायचं, "किती बोटं?" नाव-गाव सगळं नंतर. जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवर ज्यांनी ताईंना पाहिलंय, त्यांना ही बोटं आत्ताही दिसत असतील. आखूड, नखं मुळापर्यंत कापलेली, स्पिरिटचा वास येणारी. म्हातारीने बरोबर सांगितलं तर ताई म्हणायच्या, "मग दिसतंय की." चुकलं तर, "बसा जीपमधी."

हा प्रयोग फक्त पेशंटवर व्हायचा असं नाही. डोळ्यांची शिबिरं घेणाऱ्या आमच्या संस्थेच्या बैठकीत एकदा एक विश्वस्त म्हणाले, "बायका शिबिराला येतच नाहीत हो, काय करणार?" ताईंनी त्यांच्या चष्म्यापुढे हात धरला. साहेब हसून म्हणाले, "तीन." "मग दिसतंय की," ताई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर चिंचेखाली बायका सकाळपासून बसल्या होत्या. शेजारच्या खोलीत पुरुषांची तपासणी चालू होती.

मी त्या शिबिरांचा भोंगेवाला. नव्वदनंतरची ती वर्षं. एका धर्मादाय संस्थेची जीप, टपावर भोंगा, आत मी आणि माझा आवाज. लोक मोतीबिंदूसाठी नाही, माझ्या आवाजासाठी येतात अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ताई मूळच्या लोणीच्या, नवऱ्याने टाकल्यावर नर्सिंग शिकलेल्या. शिबिर कुठं घ्यायचं, कुणाला पुण्याला ऑपरेशनला न्यायचं, पट्टी कधी सोडायची, सगळं त्या बघायच्या. कागदावर मात्र त्या 'मदतनीस' होत्या.

पहिल्याच दौऱ्यात ओतूरच्या वरच्या एका वाडीत मी आवाज लावला, "सर्व ग्रामस्थ बांधवांनी लाभ घ्यावा!" जीप धोतरं आणि टोप्यांनी भरली. ताईंनी आत डोकावून पाहिलं. "बांधव आलं. बहिनींना कोन बोलावनार, तुझा बा?"

पुढच्या गावात मी सुधारणा केली. "माता-भगिनींनी आपापल्या पतीसह अवश्य यावे!" या वाक्यावर मी इतका खूश होतो की तीनदा म्हटलं. एकही म्हातारी आली नाही. मोतीबिंदूच्या वयाच्या निम्म्याशिम्म्या बायका विधवा असतात, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. त्यांना वाटलं, हे आपल्यासाठी नाही. ताई खाली उतरल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मोतीबिंदूला नवरा लागतो व्हय रं, भोंग्या?" मग माईक माझ्या हातातून काढून घेतला.

"आयांनो, ज्यांना दिसत न्हाई त्यांनी या. ज्यांना दिसतं त्यांनी त्यांना धरून आना."

झालं एवढंच भाषण. बायका आल्या. मी वायर धरून उभा होतो.

चावडीवर ताई कधी जायच्या नाहीत. घराच्या मागच्या अंगाला जायच्या. गोठ्याशी, चुलीपाशी, जिथं म्हातारी बसवून ठेवलेली असते तिथं. एकदा एका बाप्याने त्यांना दारातच अडवलं.

"आईचा एक डोळा केलाय की मागं. चुलीपुरतं दिसतंय तिला."

"आन् तुझ्या बाचं?"

"त्येंचं दोन्ही झालं."

"का? ते काय दोन चुली फुकतात?"

म्हातारी आत हसली. जीपमध्ये बसली ती हसतच.

पुण्याच्या दवाखान्यात तरणे डॉक्टर विचारायचे, "घरचं जबाबदार कोण?" ताई म्हणायच्या, "मी." "नातं काय?" "जबाबदार म्हनलं ना." पुढचं ऑपरेशन निमूट व्हायचं.

मग संस्थेने स्वतःचं डोळ्यांचं हॉस्पिटल बांधायला काढलं. व्यवस्थापक कोण होणार, याबद्दल आमच्या जीपमध्ये तरी कुणाला शंका नव्हती. ताईंना खुर्चीचं कौतुक नव्हतं. पण जीप कुठं जाणार हे खुर्ची ठरवते, हे त्यांना पक्कं कळलं होतं. "एकदा हातात येऊ दे," त्या म्हणायच्या, "बाईचा दुसरा डोळा झाल्याबिगर तिला सोडायचीच न्हाई." ज्या म्हातारीचा एकच डोळा झाला होता, तिला त्या सांगून ठेवायच्या, "दुसऱ्यासाठी येते न्यायला."

विश्वस्तांनी खजिनदारांच्या मेहुण्यांना नेमलं. निवृत्त हेडमास्तर. माणूस सज्जन, अक्षर सुंदर, मोतीबिंदू लांबून ऐकलेला. ताईंना 'महिला समिती प्रमुख' केलं.

"पुरुष समितीचं प्रमुख कोन?" ताईंनी बैठकीत विचारलं.

सगळे पंख्याकडे बघायला लागले. मला शांतता सहन होत नाही. मी म्हणालो, "ताई, पुरुष समिती म्हणजे ट्रस्टच की." माझ्या आयुष्यातली ही एकच घोषणा शंभर टक्के खरी होती, आणि ती माईकशिवाय झाली.

उद्घाटनाला ताईंच्या हातात तबक दिलं. तबकात फीत कापायची कात्री. माईक माझ्याकडे. ऐन वेळी एक विश्वस्त कानाशी पुटपुटले, "ताईंचंही नाव घ्या कशात तरी. रांगोळीत घ्या." मी ठेवणीतला आवाज काढला, "आणि या सुरेख रांगोळीबद्दल आपल्या लाडक्या ताईंचे आभार!" टाळ्या झाल्या. रांगोळी हेडमास्तरांच्या सुनेने काढली होती. ती बिचारी तोंडात पदर धरून बघत राहिली. ताई तबक घेऊन माझ्याजवळ आल्या. मोकळ्या हाताची बोटं माझ्या नाकाखाली धरली. विचारलं काहीच नाही.

महिन्याभरात त्या लोणीला निघून गेल्या. हॉस्पिटलला शिस्त आली. पेशंटबरोबर नवरा किंवा मुलगा पाहिजे, असा नियम झाला. जीप पाहुण्यांना आणायला जायला लागली. मलाही बढती मिळाली. भोंगा टपावरून उतरला आणि मी आत पंख्याखाली बसून नंबर पुकारायला लागलो.

एकदा लोणीला गेलो होतो. ताई ओट्यावर मेथी निवडत होत्या.

"दुसरं डोळं किती झालं?"

"बायकांचे?"

"न्हाई, म्हशींचं."

मी पावसापाण्याचं बोलायला लागलो. त्यांनी चहा दिला. पुन्हा विचारलं नाही.

नंतर दोन वर्षांनी त्या गेल्या. हॉस्पिटलमध्ये दोन मिनिटं शांतता पाळली. ती पाळायची घोषणा मीच केली, आणि चांगली केली असं सगळे म्हणाले.

त्यानंतर एके दिवशी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची, डोंगरातली एक म्हातारी खिडकीशी आली. एक डोळा कधीचा ऑपरेशन केलेला, दुसरा पांढरा. तिने खिडकीतल्या मुलीपुढे हात धरून बोटं उघडली.

"अशी करनारी बाई कुठंय?"

नाव तिला माहीत नव्हतं. मुलीने विचारलं, "आजी, बरोबर कोण आहे? मुलगा?"

"ल्योक मुंबईला."

"मग तो आला की या."

"ती म्हनली व्हती, दुसऱ्यासाठी येते न्यायला. लई वाट बघितली. जीप आली न्हाई, म्हून मीच आले."

"आजी, नियम आहे."

म्हातारीने इकडंतिकडं मान फिरवली. मी सापडलो. ती सावकाश माझ्यापाशी आली आणि माझ्या तोंडापुढे हात धरला.

"किती?"

"तीन," मी म्हणालो.

"मग दिसतंय की," ती म्हणाली आणि भिंतीला हात लावत लावत दाराकडे गेली.

आतून हेडमास्तरांचा आवाज आला, "काय हो, माईक बंद पडला का?"

मी पुढचा नंबर पुकारला.