चप्पल खाणारी म्हैस

आमच्या घरी पाहुणे आले की त्यांना चपला उंबऱ्याच्या आत काढायला सांगावं लागायचं. बाहेर काढल्या तर म्हैस खायची. माझ्या मेहुण्याची नवी कातडी चप्पल तिने एका दुपारी अर्धी संपवली आणि उरलेली अर्धी आम्ही पुढे महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होतो. भिंतीचे पोपडे चाटायची. गायरानात चरताना वाळकं हाडूक सापडलं की समोरचं गवत सोडून ते चघळत उभी राहायची. एकदा बायकोने तिच्या तोंडातून सिमेंटच्या गोणीचा तुकडा ओढून काढला. हे सगळं मी फाट्यावरच्या हॉटेलात कौतुकाने सांगायचो, की आमची म्हैस वाट्टेल ते पचवते. तिथे बसणारेही माझ्याच माळेचे मणी. कुणाला दोन एकर, कुणाला शहरात नोकरी, आणि जनावरातलं सगळ्यांना सगळं कळायचं. त्यातला एकही सकाळी उठून शेण काढत नव्हता.

मीही काढत नव्हतो. आमचं गाव फुलंब्रीच्या अलीकडे, तिथून मी शहरातल्या एका कचेरीत कारकुनीला रोज जा-ये करतो. घरी दोन म्हशी. त्यांना गायरानात नेणं, नाल्याच्या डबक्यात बसवणं, कडबा तोडणं, पेंड भिजवणं, धार काढणं हे सगळं बायकोकडे. माझ्याकडे मालकी. रविवारी गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून मी बायकोच्या चुका काढायचो. कुणाची म्हैस, कुणाला उठबस, ही म्हण बहुधा आमच्या घराकडे बघूनच कुणीतरी केली असावी.

अशाच एका रविवारी गोठ्यापाशी पशुसखी आली. पशुसखी म्हणजे आमच्याच गावातली, बौद्धवाड्यातली एक सून. वय तिशीच्या आत. शहरात थोड्या दिवसांचं शिक्षण घेऊन ती जनावरांच्या चाऱ्याबद्दल दारोदार सल्ला देत फिरायची. म्हैस भिंत चाटत होती. ती बाई बराच वेळ नुसतं बघत राहिली, मग बायकोला दोन-चार गोष्टी विचारल्या आणि माझ्याकडे वळली.

“काका, ही खोड नाय. हिच्या अंगात फॉस्फरस कमी हाय. नुसतं गायरान आन् कडबा, त्यानं भागत नसतं. आठ महिन्यांची गाभण हाय. आतापासून रोज ही पावडर द्या, नायतर व्याल्यावर लाल मुतंल.”

तिने पिशवीतून खनिज मिश्रणाचा पुडा काढून गव्हाणीच्या कडेवर ठेवला. तो मी उचलला, तिच्या हातात परत दिला आणि विचारलं, तुझ्या दारात शेळी तरी आहे का. ती म्हणाली, नाही, बांधायला जागा नाही. आवाज अजिबात चढवला नाही. मी म्हणालो, मग आमच्या आजापणजापासून म्हशी आहेत, त्यांना पावडर कोण देत होतं? बायको पाटी घेऊन आत निघून गेली. संध्याकाळी तिने विषय काढला, की पुडा ठेवून घ्यायला काय हरकत होती. मी तिलाही गप्प बसवलं.

खरं कारण पावडर नव्हतंच. शहरातल्या कुणा पुरुषाने शर्ट खोचून तोच पुडा आणला असता तर मी त्याला खुर्ची दिली असती आणि गावभर सांगितलं असतं की आमच्याकडे शास्त्रीय पद्धत आहे. ही बाई होती आणि बौद्धवाड्यातली होती. बसमध्ये शेजारी बसलेल्याशी मी समानतेवर तासभर बोलू शकतो, कचेरीत जयंतीच्या हारासाठी वर्गणी गोळा करणारा मीच. पण माझ्या गोठ्यात उभं राहून तिने मला शिकवावं, हे मला सहन झालं नाही. आमच्यासारख्यांची सुधारणा गोठ्याच्या दारापर्यंतच येते.

म्हैस व्याली. पारडी झाली, दूधही भरपूर. मी हॉटेलात पेढे वाटले आणि त्या पावडरवालीची नक्कल करून दाखवली. सगळे हसले. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी बायकोने मला गोठ्यात बोलावलं. म्हशीचं मूत्र काळ्या चहासारखं लाल होतं. ती कुंथत होती, दूध एकदम आटलं होतं, आणि चाऱ्याकडे बघतही नव्हती.

मी आधी दृष्ट काढायला लावली. हो, मीच, बी.ए. झालेला. मग शहरातून डॉक्टरांना बोलावलं. शांत माणूस. त्यांनी म्हैस तपासली, कानामागे दोन गोचीड सापडले. मग विचारलं, की व्यायच्या आधीपासून खनिज मिश्रण चालू होतं ना?

मी म्हणालो, “रोज.”

शब्द इतका सहज निघाला की मला स्वतःला तो खोटा वाटलाच नाही. बायको पलीकडे पारडीला धरून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. परक्या माणसासमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे तिला माहेरी शिकवलेलं आणि सासरी मी पक्कं करून घेतलेलं. डॉक्टर म्हणाले, मग आपण आधी गोचीड ताप धरू, त्यातही लघवी लाल होते, रक्त तपासायला नेतो, तोवर हे इंजेक्शन. ते गेले. मी फाट्यावर जाऊन सांगितलं की गोचीड ताप आहे.

सकाळी म्हैस उठेना. डोळ्यांच्या आतली कड पांढरी पडली होती. आणि त्या वेळी माझ्या मनात जे आलं ते लिहिल्याशिवाय या लिहिण्याला अर्थ नाही. मला वाटलं, म्हैस गेली तर गेली, गोचीड तापाने गेली असं सांगता येईल. फॉस्फरस देऊन वाचली तर ती पावडरवाली खरी ठरेल. दहा वर्षं आमच्या घरी दूध दिलेल्या जनावराबद्दल मी हा विचार केला. मला माझी किळस येते.

बायको बौद्धवाड्यात गेली आणि पशुसखीला घेऊन आली. तिने शेण बघितलं, डोळे बघितले आणि बायकोला एकच प्रश्न विचारला, की नंतर तरी पावडर दिली होती का. बायकोने नकारार्थी मान हलवली. मग तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला, म्हणाली, सर, ही व्याल्यानंतरची लाल लघवी वाटते, फॉस्फरसची. डॉक्टर म्हणाले, अहो पण मालक तर रोज मिश्रण देत होते.

दोघी माझ्याकडे बघत होत्या. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, “मी घरात सांगितलं होतं. हिनं दिली नसंल.”

बायकोने तिच्या हातातून फोन घेतला.

“डॉक्टर, पावडर आमच्या घरात आलीच नाय कधी. दारात आणून दिली तर ह्यांनी परत केली. काल ते खोटं बोलले आन् मी गप बसले. आता लवकर या.”

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. माझ्याबद्दल एवढं सलग बोललेलं मी तिच्या तोंडून प्रथम ऐकलं.

डॉक्टर तासाभरात आले. मानेच्या शिरेतून औषध सोडलं, ते संपेपर्यंत पशुसखी बाटली धरून उभी राहिली. बायकोने म्हशीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मला कुणी काही करायला सांगितलं नाही, म्हणून मी बादली उचलून पाणी आणलं. ते कुणाला लागलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हैस उठून उभी राहिली, चौथ्या दिवशी लघवी साफ झाली आणि तिने कडब्याला तोंड लावलं. फाट्यावर मी म्हैस बरी झाली एवढंच सांगितलं. कशाने, ते कुणी विचारलं नाही.

आता पावडर रोज पेंडीत पडते. भिंत चाटणं म्हशीने आपोआप सोडलं. पशुसखी आठवड्यातून एकदा येते, बायकोशी बोलते, मला नमस्कार करून जाते. तिने मला एकदाही टोमणा मारलेला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात दुसऱ्या म्हशीने चारा सोडला. घरी मीच होतो, म्हणून मीच डॉक्टरांना फोन लावला आणि सांगायला लागलो, की काल काय खाल्लं, रवंथ करते की नाही, शेण कसं आहे. या वेळी सगळं नीट बघून, अगदी खरं सांगत होतो. डॉक्टरांनी मला मध्येच थांबवलं. अतिशय नम्रपणे म्हणाले, “साहेब, वहिनी आल्या की त्यांना फोन करायला सांगा.”