सुनंदाक्काच्या विहिरी

सुनंदाक्का बुडून गेली नाही.

वर्ष झालं तरी लोक मला तेच विचारतात. ती विहिरीत पोहायची, एवढंच त्यांना ठाऊक. ती डेंगीच्या तापानं गेली. दवाखान्यात. आठवडासुद्धा काढला नाही.

बेळगावच्या खासबागेत ती आमच्या शेजारी राहायची. माहेर उचगाव. एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. माझ्यापेक्षा बरीच मोठी, पण लग्न होऊन इथं आल्यावर मला मिळालेली एकच मैत्रीण.

मी घरी बसून अ‍ॅपचे स्क्रीन डिझाइन करते. एकदा चहा पिताना ती म्हणाली, "वैशे, फोनात हॉटेल सापडतंय, पेट्रोल पंप सापडतोय. बाईमाणसाला पवायला विहीर कुठं हाय, तेवढं काढ की."

मी हसले. ती हसली नाही.

"लगीन झाल्यापास्नं पाण्यात उतरलो न्हाय गं मी."

मग आमचे रविवार तिच्या स्कूटीवर जायला लागले. ती मालकाला विचारायची, पंजाबी ड्रेसवरच पाण्यात उतरायची. मी काठावर. फोटो काढायचे, लोकेशन टाकायचं.

एका मळ्यातले म्हातारे आप्पा म्हणाले, "बायका पवणार? कशाला?"

"गडी कशाला पवत्यात, आप्पा?"

ते उठले. मग म्हणाले, "थांबा. मोटर बंद करून येतो."

अ‍ॅपच्या पहिल्या डिझाइनमध्ये मी सगळ्यात वर पाण्याची खोली दाखवली होती.

"ते खाली घे," ती म्हणाली. "उडी कुणीबी मारतंय. वर यायला पायऱ्या हाईत का, ते आधी दिसू दे. आणि मालकीण घरात असत्या का, ते."

"पण आक्का, हे वापरणार कोण?"

"आपण दोघी हाय की."

"मला कुठं पोहता येतं?"

"शिकवतो की. उन्हाळा तर येऊ दे."

उन्हाळा यायच्या आत ती गेली.

अ‍ॅप मी पूर्ण केलं. हौस म्हणून नाही. रविवारी दुसरं काय करायचं, ते कळत नव्हतं. बायकांच्या दोन-तीन ग्रुपवर टाकलं. बरेच दिवस कुणी बघितलंच नाही.

मग वडगावच्या एकीनं एक विहीर टाकली. खानापूरकडच्या एकीनं दुसरी.

नवी विहीर आली की तिला दाखवायला फोन हातात घेऊन मी दारापर्यंत जाते. शेजारी आता भाडेकरू आहेत. चांगले आहेत. मी परत आत येते.

मागच्या आठवड्यात निपाणीहून एका बाईंचा फोन आला.

"आमच्या मळ्यातली विहीर टाकलीया बघा अ‍ॅपवर. तुम्ही लई पवत असणार, व्हय?"

"नाही हो. मला पोहता येत नाही."

"मग हे काढलं कुणासाठी?"

"मैत्रिणीसाठी."

"मग त्यांना पाठवा की इकडं. एकटीला पवायला करमत न्हाय."

ती आता नाही, एवढं तोंडातून निघायला हवं होतं. निघालं नाही.

"सांगते तिला," म्हटलं आणि फोन ठेवला.

म्हणून आज इथं लिहून सांगते.

आक्का, निपाणीला बोलावलंय तुला.

जड मनानं निरोप.

— तुझी वैशी