कडक इस्त्रीचा गुन्हा

मंगळवार, ११ मार्च. सकाळी दूध नासले. दहा वाजता वसतिगृह समितीबरोबर इस्त्रीवालीच्या घरी. तेव्हा उठलेले डोके अजून शांत झालेले नाही.

आमच्या जिन्याखाली टेबल मांडून ही बाई चौदा वर्षे इस्त्री करते. नवरा गेला तेव्हा लेक चार महिन्यांची होती. बाईच्या मनगटावर भाजल्याचे तीन डाग आहेत. आमच्या कपड्यांवर एकही नाही. लेकीला मोफत वसतिगृहात जागा मिळाली तर पुढची शाळा, नाहीतर आईशेजारी दुसरे टेबल. समितीत डॉक्टरीणबाई, निवृत्त हेडमास्तर आणि मी. अर्जावर दोघांच्या सह्या पुरतात.

दुसऱ्या मजल्यावर एवढीशी खोली. मायलेकी कडक इस्त्रीच्या कपड्यांत उभ्या. पलंगाच्या चादरीवरसुद्धा घडीच्या सरळ रेघा.

खाली येताच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही गरीब? अहो, माझ्या घरात एवढी टापटीप नसते!"

"तो तिचा दोष कसा?" मी विचारले.

हेडमास्तर खाकरले. "जरा विस्कटलेली असती तर बरं झालं असतं."

मी परत वर गेले आणि, लिहायला लाज वाटते, तिला म्हणाले, "अगं, आजच्या दिवस साधं काहीतरी घालायचं होतंस."

"आजी, साधंच आहे. दोन जोड आहेत, एक वाळतोय. आणि चुरगळलेल्या इस्त्रीवालीला कपडे कोण देईल? न्हाव्यानं काय दाढी वाढवून बसायचं?"

मी खाली येऊन हे जसेच्या तसे सांगितले.

"बघा, जीभ कशी चालते! गरजू माणूस असं बोलतं का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नीटनेटकी म्हणून गरीब नाही. गबाळी असती तर आळशी ठरली असती, गप्प बसली असती तर आतल्या गाठीची. गरिबाने वागायचे तरी कसे, हे एकदा छापून द्या म्हणावे!

मी कठड्यावर अर्ज ठेवून सही केली आणि पेन हेडमास्तरांपुढे धरले.

"तुमच्या शर्टाला इस्त्री कुणाची?"

त्यांनी कॉलर चाचपली. "तिचीच. कालची."

"मग?"

त्यांनी सही केली. डॉक्टरीणबाई पुढे निघून गेल्या. अर्ज मी स्वतः वसतिगृहात देऊन पोच घेतली.

संध्याकाळी दोन चादरी, चार अभ्रे इस्त्रीला दिले. एका अभ्र्याचे बटण तुटले आहे, ते सांगायचे राहिले.