सोमवारी पुन्हा येऊ

छत्तीसगढ वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं त्या सुमारास मी एका नव्या सरकारी खात्यात टायपिस्ट म्हणून लागले. नोकरी अजून कच्ची होती. आम्ही ब्राह्मणपाऱ्यात राहायचो. जवळच पुरानी बस्तीत एक निवृत्त नर्स राहत, मूळच्या नगरकडच्या मराठी ख्रिस्ती. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. मी जन्मले ती त्यांच्याच हातावर.

काचबिंदूनं त्यांची नजर गेली. बायबल मराठी होतं, आणि नातवंडं शाळेत हिंदी शिकलेली. अडखळत वाचायची, निम्मं हिंदी करून टाकायची. म्हणून सिस्टरनी आईकडे निरोप धाडला, पोरीला रविवारी तासभर पाठवता का?

आई आधी म्हणाली, "तुले काहून पाहिजे हे?" मग जराशानं म्हणाली, "जाय. तुह्या वेळेस बाईनं रातभर माह्या हात सोडला नव्हता."

मी घरातली पोथी वाचावी तशी भराभर वाचायची. सिस्टर थांबवायच्या. "हळू वाच बाळा. मला ती माणसं दिसू देत."

एका रविवारी विधवेची गोष्ट निघाली. देवाला न भिणारा, माणसांची पर्वा न करणारा न्यायाधीश. आणि त्याच्या दारी पुन्हा पुन्हा जाणारी बाई, शेवटी न्याय घेऊनच परतलेली. मी पान उलटलं, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "आपली भाजीवाली चार दिवस आली नाही. काय झालं तिला?"

भाजीवाली अभनपूरकडची, तीही विधवा. गल्लीच्या तोंडाशी बसायची. मला सगळं ठाऊक होतं. रस्ता रुंद करायचा म्हणून महापालिकेची गाडी आली, तिच्या टोपल्या आणि तराजू उचलून नेला. मी समोर उभी होते, आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणून निघून गेले होते. तसं सांगितलं.

सिस्टर रागावल्या नाहीत. माझा हात चाचपून धरला. "आणखी कितीजणींना उठवलं?"

"सात असतील."

"तुला अर्ज लिहिता येतो ना? आठही जणींचा लिही."

मला भीती वाटली. सरकारी नोकरीत असून सरकारकडेच तक्रार. पण त्यांचा हात सोडवून घेणं मला जमलं नाही. तिथंच बसून हिंदीत अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी बस स्टँडजवळ भाजीवाली सापडली, तिनं बाकीच्यांचे अंगठे घेऊन दिले.

पुढच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सिस्टर, भाजीवाली आणि मी रिक्षानं महापालिकेच्या ऑफिसात गेलो. बाबू म्हणाला, "साहब नहीं हैं." सिस्टर बाकावर बसल्या. सुट्टी संपेपर्यंत साहेब आले नाहीत. उठताना त्या म्हणाल्या, "सोमवारी पुन्हा येऊ." तिसऱ्या सोमवारी बाबूनं त्यांना आपली खुर्ची दिली. चौथ्या वेळी साहेब स्वतःच बाहेर आले.

"अम्माजी, आप फिर आ गईं?"

"हाँ बेटा. अगले सोमवार भी आऊँगी."

इतक्या मायेनं म्हणाल्या की ते हसले, आणि शेजारी बाकावर बसून त्यांनी अर्ज पहिल्यांदा नीट वाचला. जुनी जागा मिळाली नाही. पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत आठ जणींना बसायची लेखी परवानगी मिळाली. तराजू परत आले, टोपल्यांचा पत्ता लागला नाही. गिऱ्हाईक तिथं कमी होतं, आणि दोघी वर्षभरात कंटाळून गावी गेल्या. माझ्या नोकरीला काही झालं नाही; कुणी विचारलंसुद्धा नाही.

त्यानंतरच्या रविवारी भाजीवाली येऊन उंबऱ्याशी बसली. सिस्टरनी तिला आत घेतलं, खाटेवर शेजारी बसवलं आणि ती विधवेची गोष्ट छत्तीसगढीत सांगितली. ती ऐकत राहिली, मधेमधे "हव, हव" असा होकार देत. शेवटी तिनं विचारलं, त्या बाईचं नाव काय होतं?

"पुस्तकात लिहिलेलं नाही," सिस्टर म्हणाल्या.

"तब मोर नांव लिख दे, दीदी," ती मला म्हणाली.

मी सिस्टरकडे पाहिलं. त्यांनी उशाखालून पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. मी त्या गोष्टीशेजारी समासात बारीक अक्षरात तिचं नाव लिहिलं. ते नेमकं कुठं लिहिलंय हे तिनं दोनदा बोट ठेवून विचारून घेतलं.