मुरुमच्या संघाचा अभिषेक

मार्तंडरावांची बाज निम्मी विणून झाली होती. नवारीचे उभे पट्टे ताणून बसले होते, आडव्यांतले पायथ्याकडचे राहिले होते, आणि हातातला पट्टा ते खालून वर काढणार एवढ्यात ओट्यावरून भाऊ सायकलवाल्याचा आवाज आला, "औंदा मुरुमच्या टीमचं काय खरं न्हाय बघा."

मार्तंडरावांनी पट्टा सोडला. सोडलेला पट्टा सैल पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून ओढावा लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. शारदाबाईंनाही ठाऊक होतं. त्या चुलीपुढून म्हणाल्या, "जा तुम्ही. यजमान आले की त्यांना उभ्यानं झोपवू."

मार्तंडराव उपाध्ये तुळजापुरात जन्मले आणि आईच्या देवळाच्या पायऱ्यांवर मोठे झाले. सकाळी गोमुखाखाली स्नान, मग देवळात यजमानांचे संकल्प, दुपारी घरी यजमानांची पानं, असा त्यांचा वडिलांपासून चालत आलेला दिवस. फुटबॉल त्यांच्या पायाला जन्मात कधी लागला नाही. तरुणपणी मामांकडे हैदराबादला गेले असताना त्यांनी एक सामना पाहिला. मामांनी त्यांना चारमिनार दाखवायला नेलं होतं. वाटेत मैदान लागलं आणि चारमिनार राहूनच गेला. परत आले ते सोवळं नेसून फुलबॅक आणि सेंटर हाफ यांच्याविषयी बोलायला लागले. मधल्या काळात निजाम गेला, मग हैदराबादचं राज्यही गेलं, जिल्हा मुंबई राज्यात आला, कचेरीतल्या पाट्या बदलल्या. फुटबॉल तो हैदराबादचाच, हे मार्तंडरावांचं मत बदललं नाही. मुंबईचे लोक फुटबॉल बरा खेळत असतील, असं ते मोठ्या मनानं म्हणत.

गावच्या संघात त्यांना एक मान होता. तुळजापुरात मानाशिवाय माणूस म्हणजे कळसाशिवाय देऊळ. कुणाला पालखीचा मान, कुणाला मशालीचा, कुणाला नुसतं पुढं उभं राहण्याचा. मार्तंडरावांना नारळाचा होता. कोजागिरीनंतर मैदान वाळलं की पहिल्या सामन्याआधी गोलच्या खांबापाशी नारळ फोडायचा, पाणी चारी दिशांना शिंपडायचं आणि मागं सरून उभं राहायचं. देवळात त्यांना पुष्कळ मान होते, पण ते बापजाद्यांचे होते. हा एकच त्यांना स्वतःला मिळालेला. वर्षभर ते त्या नारळाची वाट पाहत.

भाद्रपदात मात्र मैदानात गुडघाभर चिखल. त्यामुळं सीझन आधी ओट्यावरच खेळला जाई.

"मुरुमचा फुलबॅक गेला," भाऊ म्हणाला. "जळगावला बदली. तिकडनं काय खेळायला येतोय तो?"

"आणि आपला सेंटर हाफ?" वसंतराव म्हणाले. ते तहसील कचेरीत कारकून. बदल्यांच्या बातम्या त्यांना आधी कळत आणि त्यातल्या वाईट तेवढ्या लक्षात राहत. "राज्य बदललं तसा जो तो नकाशाच्या टोकाला चाललाय. आपला संघ कागदावर अकराचा, मैदानावर आठाचा."

"आठात जिंकू," मार्तंडराव बसत म्हणाले. "मुरुमचा संघ म्हणजे पोळ्याचा बैल हो. शिंगं रंगवलेली, झूल घातलेली. औताला जुंपा, मग बघा."

"मागच्या साली त्या बैलानंच तुडवलं आपल्याला."

"मागच्या साली नाणेफेक हरलो. मैदान उताराचं आहे आपलं. वरच्या अंगानं खेळणारा जिंकतो, ह्यात खेळाडूंचा काय दोष?"

"मध्यंतरानंतर बाजू बदलल्या होत्या की."

"तोवर पोरं दमली होती," मार्तंडराव म्हणाले, आणि तो मुद्दा त्यांच्या बाजूनं संपला.

एवढ्यात धुळाप्पा आला. हा कचेरीतला शिपाई, मूळचा ईट गावचा. ईटला संघच नव्हता, म्हणून तो कुणाच्याच बाजूचा नव्हता आणि सगळ्यांना सारखा छळायचा. चपला काढून तो पायरीवर टेकला.

"महाराज, मोटारस्टँडवर मुरुमची मान्सं भेटली. मंगळवारी त्यांची समदी टीम येतीया. सीझन चांगला जावा म्हून आईला अभिषेक करनार."

"करू देत की," भाऊ म्हणाला.

"तुमच्याकडंच उतरनार म्हनत्यात, महाराज."

मुरुम हे मार्तंडरावांच्या घराकडं लागलेलं गाव. मुरुमहून जो कुणी आईच्या दर्शनाला येईल तो ह्याच घरी उतरणार, ह्याच घरचं जेवणार आणि त्याचा संकल्प ह्याच घरचा उपाध्याय सांगणार. हे पणजोबांपासून. यजमान नाकारता येत नाही. यजमान आजारी असो, भांडखोर असो, की डाव्या पायानं गोल मारणारा असो.

"म्हणजे," वसंतराव सावकाश म्हणाले, "आपल्याला हरवा, असं तुम्ही आईला सांगणार."

"त्यांना विजय दे, असं सांगणार."

"एकच की ते!" भाऊ उसळला. "आन मग त्याच हातानं आमचा नारळ फोडनार?"

वसंतरावांनी कचेरीतला तोडगा काढला. संकल्पात विजय कशाला म्हणायचा? आरोग्य म्हणावं. संस्कृत मुरुमच्या लोकांना कुठं कळतंय? त्यांनाही समाधान, पोरांची तब्येतही सुधारेल, तुळजापूरलाही धक्का नाही. "आणि विजय मागितलात," ते नम्रपणे म्हणाले, "तर नारळाचं आम्हाला बघावं लागेल."

मार्तंडराव आत आले. बाज तशीच पडली होती. त्यांनी शारदाबाईंना सगळं सांगितलं आणि हळूच म्हणाले, "आरोग्य काही वाईट नव्हे. मोठं मागणं आहे ते."

शारदाबाई डाळ निवडत होत्या. "मग मीही मुरुमच्या पानांत मीठ कमी घालते," त्या म्हणाल्या. "पुरणाला वेलदोडा नको. वाढलं म्हणजे झालं; त्यांना कुठं कळतंय?"

"तू तसं करशील?"

"तुम्ही तसं म्हणाल?" एवढं बोलून त्या पुन्हा डाळीकडं वळल्या.

मंगळवारी पहिल्या मोटारीनं मुरुमचे लोक आले. पुढं शिवलिंगप्पा, गुळाचे अडतवाले, संघाला बूट घेऊन देणारे; बूट पोरं गळ्यात अडकवून हिंडत आणि खेळत अनवाणीच. मागं वीरप्पा, त्यांचा सेंटर फॉरवर्ड, ज्याच्याविषयी मार्तंडराव सबंध पावसाळाभर बोलले होते. समोर पाहिला तर लाजरा, मान खाली घालून चालणारा. त्यानं मार्तंडरावांच्या पायांवर डोकं ठेवलं. मार्तंडरावांनी "यशस्वी भव" म्हणायला तोंड उघडलं, थांबले, आणि म्हणाले, "निरोगी राहा." तोपर्यंत पोरगा उठला होता.

"महाराज, आमच्या आज्यापासून तुमचंच घर," शिवलिंगप्पा म्हणाले. "तुम्ही सांगाल तसं. आम्हाला काय कळतं त्यातलं?"

हे वाक्य त्यांनी म्हणायला नको होतं, असं मार्तंडरावांना वाटलं. त्यांनी ठरवलेलं जरा हललं. ठरवलं होतं आरोग्यच.

देवळात सगळ्यांना ओळीनं बसवलं. संकल्पासाठी गोत्र विचारलं. शिवलिंगप्पांना आपलं माहीत होतं, वीरप्पाला नव्हतं, बाकीचे एकमेकांकडं बघायला लागले. ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप, असा शास्त्रार्थ आहे. तेव्हा शिवलिंगप्पा सोडून मुरुमचा अख्खा संघ त्या सकाळी काश्यप गोत्राचा झाला.

"जे दोघं जादा हैत त्यांचं पन घ्या, महाराज," वीरप्पा म्हणाला. "कुनी पडलं-झडलं तर."

"घेतलं," मार्तंडराव म्हणाले.

तळहातांवर पाणी घातलं. पोरांनी ओंजळी धरल्या. मार्तंडरावांनी तिथी, वार, नक्षत्र म्हटलं, देश-काल म्हटला, काश्यप गोत्र म्हटलं. आता काय हवं ते म्हणायचं होतं. समोर गाभाऱ्यात आई, शेजारी ओंजळ धरून बसलेला वीरप्पा. त्याच्या बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं आणि ते सांडू नये म्हणून तो बोटं आवळून धरत होता. मार्तंडरावांनी आईकडं पाहिलं. तिला संस्कृत कळत होतं.

"फुटबॉलक्रीडायां विजयप्राप्त्यर्थम्," ते म्हणाले, आणि देवळाच्या प्रघातापेक्षा जरा मोठ्यानं म्हणाले. पाणी सोडायला लावलं. अभिषेक झाला, सगळ्यांनी "आई राजा उदो उदो" केलं. उठताना एकदा त्यांच्या मनात आलं की आता आपल्या खाती तुळजापूरचंही सांगावं, आत आलोच आहोत तर. पण यजमानासाठी मागितलेलं पाण्याचा हात वाळायच्या आत परत मागणं त्यांना प्रशस्त वाटलं नाही. नुसते हात जोडून ते बाहेर आले. दुपारच्या पानांत मीठ नेमकं होतं, पुरणात वेलदोडा होता. वीरप्पानं पोळ्या किती खाल्ल्या ते शारदाबाईंनी मोजलं नाही. यजमानाचं मोजू नये.

मुरुमची मोटार गेल्यावर ओट्यावर माणसं जमली.

"आरोग्य ना?" वसंतरावांनी विचारलं.

हो म्हणता आलं असतं. देवळात वसंतराव नव्हते. मार्तंडराव म्हणाले, "विजय."

"समद्या टीमला?"

"जादा दोघांनाही."

भाऊनं कपाळावर हात मारला. धुळाप्पाला मात्र हे फार आवडलं. तो पायरीवरून सरकून वर आला. "मग महाराज, औंदा जिंकनार कोन?"

"तुळजापूर," मार्तंडराव लगेच म्हणाले. "त्यांचा फुलबॅक गेलाय. शिवाय तो वीरप्पा उजवीकडून आला की गडबडतो."

"आन मागितलं मुरुमला!"

"मागणं यजमानाचं. मत माझं."

"मग आईनं ऐकावं कुनाचं?"

"ते तिचं काम आहे. मी काय तिला शिकवू?"

वसंतरावांनी अखेरची सवलत दिली. तुळजापूरच्या संघाचाही अभिषेक करावा, तसाच विजयाचा. म्हणजे फिटंफाट, आणि नारळ मार्तंडरावांकडंच राहील. मार्तंडरावांना गोलचा तो खांब दिसत होता, पाणी शिंपडलेली माती दिसत होती.

"दुसऱ्या कुणाकडून करवा," ते म्हणाले. "जरूर करवा. मी एकाच तोंडानं दोन्ही मागणार नाही. ह्या सीझनला माझं मागून झालंय."

"मग नारळ वसंतराव फोडतील," भाऊ म्हणाला. म्हणताना त्यानं मार्तंडरावांकडं बघितलं नाही.

"फोडू देत," मार्तंडराव म्हणाले आणि बाज विणायला आत गेले. त्या दिवशी पट्टे इतके घट्ट ओढले गेले की बाजेचा एका बाजूचा दांडा वाकला.

पुढं नवरात्राआधीच्या रिवाजानं देवी निजली, उठली, घट बसले, दसरा झाला, कोजागिरीची गर्दी येऊन ओसरली. ओट्यावर चर्चा चालूच होती, मार्तंडरावही रोज बसत होते आणि मुरुमची रोज निंदा करत होते. नारळाचा विषय कुणी काढत नव्हतं. सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी वसंतराव एकटेच आले. ओट्यावर न बसता उभे राहिले.

"मार्तंडराव, एक विचारायचं होतं. नारळ... कसा बघून घ्यायचा? आमच्या घरात सगळं बायकोच बघते. परवा सरावाला एक आणला, तो नासका निघाला. दुसरा चार घावांत फुटला नाही. उद्या गावासमोर तसं झालं तर..."

मार्तंडरावांनी त्यांच्याकडं पाहिलं. पहिल्या घावात नारळ फुटला नाही तर संघाचं काय होतं, ह्यावर त्यांनी पूर्वी एक अख्खी दुपार व्याख्यान दिलं होतं, आणि वसंतराव त्याला हजर होते.

"हलवून बघायचा," मार्तंडराव म्हणाले. "पाणी वाजलं पाहिजे, पण खुळखुळा नको. डोळे कोरडे हवेत. शिरेवर मारायचं, आणि भीत भीत मारायचं नाही."

"डोळे म्हणजे कुठले?"

मार्तंडराव आत गेले. उपरणं खांद्यावर टाकलं, खुंटीवरची पिशवी काढली. शारदाबाईंनी विचारलं, "कुठं?"

"बाजारात. वसंतरावांना नारळ घेऊन द्यायचाय."